गणपतीआधी दूध तोडायलाच हवं का?

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावातून आलेलं पत्र. लिहिणारी २९ वर्षांची, तालुक्याच्या ठिकाणी पतसंस्थेत नोकरी करते. मुलगा चौदा महिन्यांचा. नवरा मुंबईला, शिमग्याला आणि गणपतीला येतो. ती सकाळी साडेआठच्या एसटीने निघते, संध्याकाळी साडेसहाला परतते. दिवसभर मुलगा सासूबाईंकडे असतो. सासूबाईंचं म्हणणं, ‘वर्साचो झालो मां आता? अंगावर पिता तवसर तो जेवूचो नाय.’ गणपतीला घर भरेल, तेव्हा बाळ पदराला लटकलेलं नको, त्याआधी दूध तोडून टाक. चुलतसासूने उपाय सांगितला: कडू किराईत लावायचं आणि बाळाला आठ दिवस आजोळी ठेवायचं. मुंबईच्या जावेने आठव्या महिन्यातच बंद केलं होतं. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं पाज. बाळ रात्री तीन-चार वेळा उठतं, हिची झोप होत नाही, कामावर डोळे मिटतात. ‘संध्याकाळी मी दारात छत्री ठेवायच्या आधी तो पदर ओढतो. ती पाच मिनिटं मला सोडवत नाहीत. पण त्याच्या जेवणाचं नुकसान तर करत नाहीये ना मी? ताई, बंद करू की नको, एकदाच काय ते सांगा.’

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सगळ्यांची मतं वाचली. दुसऱ्यांदा फक्त तू स्वतःबद्दल लिहिलेली वाक्यं शोधली, तर ती दोनच सापडली. एक, रात्रीने तू पिचली आहेस. दुसरं, ती छत्रीची पाच मिनिटं तुला हवी आहेत. ही दोन वाक्यं एकमेकांच्या आड येत नाहीत, हे तुला आधी सांगायचं आहे. बंद करू की नको असा एकच प्रश्न तुझ्यासमोर ठेवला गेलाय. पण तुझा मुलगा दिवसातून पाच-सहा वेळा पितो, म्हणजे ते पाच-सहा वेगवेगळे प्रश्न आहेत. रात्री दोनचं दूध थांबवून संध्याकाळचं चालू ठेवता येतं. शरीर हे समजून घेतं. जेवढं प्यायलं जाईल तेवढंच ते बनवतं, आणि थोड्या दिवसांत नव्या हिशोबाला लागतं.

आता जेवणाचं. तुझी खरी भीती तीच आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

त्याचा दिवस तू नीट लिहून पाठवलास, त्याबद्दल तुझं कौतुक. नऊला पातळ पेज. अकराला बाटलीभर दूध. एकला मऊ भात आणि वरणाचं पाणी, चार घास. साडेतीनला पुन्हा बाटली. पाचला चहात बुडवलेली खारी. आता घड्याळ बघ. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, हे दहा तास तू घरातच नसतेस. त्या वेळात तुझ्या दुधाचा एक थेंब त्याच्या पोटात जात नाही, आणि दुपारी चार घासांवर तो तोंड फिरवतो ते नेमकं त्याच वेळात. मग तुझ्या दुधाने त्याची भूक कशी मारली?

भूक मारतंय ते वरचं दूध. दोन बाटल्या म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर. एवढ्याशा पोटाला ते जेवणच झालं, वर पाचची खारी. एवढ्या दुधात लोह जवळपास नसतंच. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागणं आणखी कमी होतं. आणि पेज. आपल्या उकड्या तांदळाच्या पेजेला मी नावं ठेवणार नाही, तापातून उठलेल्या माणसाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण नऊ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण पाव लिटरच मावतं. त्यातली बहुतेक जागा पाण्याने भरली तर अन्न जाईल कुठे? तीच पेज पाणी काढून घट्ट कर, भाताची शितं चेपून घे. चमचा तिरका केला तरी ओघळून पडू नये, इतकी घट्ट. वर अर्धा चमचा तूप. ‘वरणाचं पाणी’ बंद, वरणच घालायचं, खालची डाळ ढवळून. कुळथाची पिठी भातात कालवून दे, नाचणीची खीर घट्ट कर, अंडं दे, केळं कुस्करून दे. तुमच्याकडे मुडदुशे मिळतात. बाळंतिणीला देतात तोच मऊ मासा, बोटांनी चाचपून काटे काढ आणि दे, तिखट घालण्याआधी बाजूला काढलेला. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशात पारा साठतो, तो लहान मुलाला वरचेवर नको. अंगणवाडीतून टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची पाकिटं येत असतील, ती शेजारी देऊन टाकू नका. आशाताईंकडून लोहाचं औषध घे, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ते आठवड्यातून दोनदा एक-एक मिली द्यायचं असतं. आणि बाटली सोडून द्या. दूध द्यायचं तर वाटीतून, कपातून. पावसाळ्यात बाटलीचं बूच आणि तिच्या आतल्या खाचा स्वच्छ ठेवणं कोणत्याही घरात जमत नाही, जुलाब तिथूनच सुरू होतात.

आणखी एक. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावते तशी भूकही मंदावते. वर्षाच्या आसपास ‘आधी खात होता, आता खात नाही’ हे मी इतक्या आयांकडून ऐकलंय की पत्रात ते वाक्य येईल हे मला वाचायच्या आधीच माहीत होतं. तुझा मुलगा २.८ किलोचा जन्मला, आता ९.३ आहे. जेवणाची पद्धत बदलायला हवी हे खरं, पण घाबरण्यासारखं यात काही नाही. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घे आणि कार्डावरची रेघ वर जाते आहे ना, तेवढं बघ.

‘वर्षानंतर दुधाचं पाणी होतं’ असंही सासूबाई म्हणतात. तसं होत नाही. प्रत्येक वेळी पाजताना सुरुवातीला येणारं दूध पातळ, निळसर दिसतं, पहिल्या महिन्यातही ते तसंच होतं. दुसऱ्या वर्षातही आईच्या दुधात स्निग्धांश असतो, रोगाशी लढणारे घटक असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या बाळाला लागणाऱ्या उष्मांकांपैकी तिसरा हिस्सा आईचं दूध भागवू शकतं. सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि हवं असेल तर त्यापुढेही, असा त्यांचा सल्ला आहे. तुझ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. पण दोन वर्षं ही काही परीक्षा नाही, की अठराव्या महिन्यात थांबलीस तर नापास. तुला थांबावंसं वाटलं तर तेही कारण पुरेसं आहे, त्यासाठी आजारी पडायची किंवा कुणाची परवानगी काढायची गरज नाही.

सासूबाईंवर मात्र रागावू नकोस. त्यांच्या काळात दूध कधी तोडायचं हे बाईने ठरवलेलं नसायचं, भातलावणीने ठरवलेलं असायचं. मृग लागला की बाई चिखलात उभी, बाळ माजघरात. नाहीतर पुन्हा दिवस राहिलेले असायचे. वर्षात तोडणं ही त्यांची सोय होती, सोयीची रीत झाली, आणि रीत आता नियम म्हणून तुझ्यापर्यंत आली. शिवाय त्यांना तूही दिसत असशील, डोळ्यांखाली काळं घेऊन सकाळी एसटी धरणारी. बोलताना ‘डॉक्टर असं म्हणाले’ने सुरुवात करू नकोस, त्याने माणूस लगेच हट्टाला पेटतं. ‘आई, दिवसभर तो तुमच्या हातचं जेवतो, मला तुमची मदत हवी’ इथून सुरू कर. अकराच्या बाटलीऐवजी काय द्यायचं हे त्यांनाच ठरवू दे. आजीच्या हातून दोन घास जास्त जातात, हे मी प्रत्येक घरात पाहिलंय.

आता किराईत. हा उपाय मी केलाय, म्हणून बोलते. माझी मुलगी अकरा महिन्यांची होती. मला कामावर परत जायचं होतं, आणि घरात सगळ्यांनी सांगितलं तसंच केलं: कडू लावलं, ती रडली, मग तिला चार दिवस माझ्या आईकडे ठेवलं. तिसऱ्या दिवशी माझी छाती दगडासारखी झाली. डाव्या बाजूला लाल पट्टा, हात वर करता येईना, रात्री हुडहुडी भरून १०३ ताप. दवाखान्यात जावं लागलं, औषधं घ्यावी लागली. ते सगळं भरून आलं. पण ती परत आली तेव्हाचं मला आठवतं. मी तिला घेतलं, ती माझ्या गळ्याशी आली, वास घेतला आणि मान फिरवली. दूध नाही हे तिला कळलं असतं, हळूहळू सांगितलं असतं तर. पण मी चार दिवस गायब होते आणि जाण्याआधी मी कडू झाले होते, हे तिला कसं कळावं? पुढे सगळं ठीक झालं, आज ती स्वतः आई आहे. तरी तुला ते करू नको असं सांगायला मला फार विचार करावा लागत नाही. मिरची, कोरफड, आयोडीन, नेलपॉलिश असं काहीही लावायचं नाही. आणि आईचं दूध तोडायचं असेल त्याच वेळी आईलाही तोडायचं नाही. आजोळी जायचं तर दोघांनी मिळून जा.

मोगऱ्याचं विचारलं आहेस म्हणून थोडक्यात: छातीवर मोगऱ्याची फुलं बांधून दूध आटवायची रीत खरी आहे, आणि १९८० च्या दशकात वेल्लोरच्या डॉक्टरांनी ती तपासूनही पाहिली, फुलांनी दूध कमी होतं असं दिसलं. पण ते नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांवर पाहिलं होतं. तुला त्याची गरज नाही. पिणं कमी झालं की दूध आपोआप कमी होईल.

मग करायचं काय? आधी दिवसाचं जेवण. निदान तीन आठवडे फक्त तेवढंच, तुझ्या दुधाला हातही लावायचा नाही. रात्रीच्या उठण्याचं मूळ बऱ्याच वेळा तिथेच असतं. दिवसभर आई नसलेलं बाळ दूधही आणि आईही रात्री भरून काढतं. दिवसाचं पोट भरलं, संध्याकाळी आल्यावर आणि झोपताना तू पूर्ण त्याची असलीस, की चारातलं एखादं उठणं तसंच गळून पडतं.

मग रात्र. सगळ्यात लहान, दोन मिनिटं ओढून झोपतो ते पिणं आधी घे. त्या वेळी पदराखाली घ्यायच्या आधी पाठीवर थोपट, वाटीने पाणी दे, कुशीत घे. रडला तर रडू दे, पण तुझ्या कुशीत. एकटा नाही. तीन-चार दिवसांत ते पिणं सुटलं तर आठवडाभर तिथेच थांब, मग पुढचं. पुढून न उघडणारा गाऊन घालून झोप, तेवढ्यानेही फरक पडतो. सासूबाई एखाद्या रात्री त्याच्या बाजूला झोपल्या तर उत्तम. सुट्टीच्या दिवशी तो दिवसभर तुझ्या मागे असतो असं लिहिलंयस. तेव्हा आपणहून द्यायचं नाही, मागितलं तर नाकारायचं नाही, आणि त्याला खळ्यात, शेजारी, गुरांकडे बाहेर ने. त्याच खाटेवर, त्याच कोपऱ्यात बसून राहिलीस तर तो मागणारच.

एक पिणं कमी केल्यावर छाती ताठली तर आराम पडेल इतकंच दूध हाताने काढ. रिकामी करू नकोस, नाहीतर शरीर पुन्हा भरत राहील. गार पाण्याची पट्टी ठेव. घट्ट फडकं बांधू नकोस. गाठ लागली, कातडी लाल झाली, ताप आला तर घरी वाट बघत बसू नकोस, त्याच दिवशी दाखव.

आणि काळ. मृगाच्या तोंडावर, विहिरीचं पाणी गढूळ असताना कुणी दूध पूर्ण सोडवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हेच जुलाबांचे दिवस. जुलाब झालेल्या बाळाला काहीही गेलं नाही तरी आईचं दूध जातं. त्याच्याबरोबर ओआरएस, आणि आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या, चौदा दिवस पूर्ण. पाणी उकळूनच. बाळ आजारी असताना, दात येताना, घर बदलताना, आई पहिल्यांदा कामावर जाताना दूध कमी करणं पुढे ढकलायचं. आणि गणपतीत तर मुळीच नाही. घरात वीस माणसं, उकडीच्या मोदकांची गडबड, रात्रभर भजन, नवीन चेहरे. त्या गर्दीत बाळाची हक्काची जागा एकच असते. पाहुण्यांत बाळ पदराला लटकलं तर लटकू दे, तू पाचव्या मोदकाला पारी करायला उशिरा आलीस म्हणून देव रुसणार नाही. श्रावणात घर शांत असतं, रात्रीचं काम तेव्हा कर. उरलेल्याचा विचार दिवाळीनंतर.

नवरा गणपतीला येणार, त्यावरून एक सांगून ठेवते, कारण पत्रात बायका हे विचारत नाहीत. ‘अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत’ हे बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, ते फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी आलेली नसेल, तेवढ्यापुरतंच खरं असतं. तुझ्या बाबतीत यातलं काहीच उरलेलं नाही. काय वापरायचं ते आधीच डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारून ठेव.

तुझ्यासारख्या पण थोड्या वेगळ्या परिस्थितीत असणाऱ्यांसाठीही दोन शब्द. बाळ सहा महिन्यांच्या आत असेल आणि कामावर जायचं असेल तर तोडायचा विचार न करता दूध काढून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उकाडा जास्त असेल तर त्याहून कमी, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं, आणि द्यायचं बोंडल्याने किंवा चमच्याने. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथे बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही, म्हणून लेखी मागा. वर्षाच्या आत सोडवावंच लागलं तर बदली दूध काय द्यायचं हे डॉक्टरांना विचारा. वर्षाआधी गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नाही, आणि मध तर चाटवायचाही नाही. पुन्हा दिवस राहिले म्हणून दूध लगेच नासत नाही, बहुतेक जणींना पाजत राहता येतं. पण आधी कळा किंवा रक्तस्राव झाला असेल तर विचारून घ्या. एखादं औषध सुरू झालं म्हणून स्वतःहून बंद करू नका, बहुतेक औषधांबरोबर पाजता येतं, नाही तर त्याला पर्याय असतो.

शेवटचं पिणं सुटतं तेव्हा काही जणींना कारण नसताना रडू येतं, आठ-पंधरा दिवस मन उदास राहतं. शरीरातली संप्रेरकं खाली येतात, त्याचा तो भाग आहे. तुला तसं झालं तर घरात सांग, दोन आठवड्यांपुढे गेलं तर डॉक्टरांना सांग.

या शनिवारी सासूबाईंबरोबर बसून त्याच्या दिवसाचं नवीन वेळापत्रक कर, बाटल्या धुऊन माळ्यावर टाक, अंगणवाडीत वजन कर. तीन आठवड्यांनी त्याचं जेवण आणि रात्री कशा आहेत ते मला लिही, मग पुढचं ठरवू. संध्याकाळचं दूध मात्र सगळ्यात शेवटी. छत्री दारातच राहू दे, पाणी गळलं तर गळलं, आधी त्याला घे.